तेराव्या किलोमीटरला पाय का जड होतात?

भाऊ, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात तो असा: वय ४१, भुसावळला राहता, काम खुर्चीतलं, दोन वर्षांपासून पळता, आता नवीन घड्याळही घेतलंय. दहा किलोमीटर ५७ मिनिटांत होतात. पण हाफ मॅरेथॉनसाठी अंतर वाढवायला गेलात की तेराव्या किलोमीटरला पाय शिशाचे होतात आणि उरलेलं अंतर चालत घरी. मोबाइलवरचा बारा आठवड्यांचा प्लॅन दोनदा अर्धवट सुटला, दोन्ही वेळा एप्रिलमध्ये. जूनमध्ये पुन्हा पहिल्यापासून. त्यात घरून विचारणा, "एवढं करून मिळतं काय?" आणि तुमचा सवाल: माझा स्टॅमिनाच कमी आहे का, की या वयात हा नाद सोडावा?

मी जळगावला शाळेत पीटी शिकवतो. सोळा वर्षं लांब अंतर पळतोय आणि मेहरूण तलावावर येणाऱ्या हौशी मंडळींना जमेल तेवढं सांगत असतो. डॉक्टर नाही. तुम्हाला पळताना पाहिलेलं नाही. तुमची झोप, वजन, बीपी, पायांची ठेवण यातलं काहीच मला माहीत नाही, त्यामुळे खालचं काही तुम्हाला लागू पडेल, काही नाही. एक गोष्ट मात्र आधीच करून टाका. चाळिशी ओलांडली आहे, घरात वडिलांना हृदयाचा त्रास होता असं तुम्हीच लिहिलंय. एकदा डॉक्टरांकडे जाऊन तपासून घ्या. पळताना छातीत दाब, चक्कर, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ असलं काही जाणवलं तर ते 'स्टॅमिना वाढवायचं' प्रकरण नाही. तिथंच थांबायचं आणि दवाखाना गाठायचा.

आता मूळ मुद्दा. ५७ मिनिटांत दहा किलोमीटर पळणाऱ्या माणसाचा स्टॅमिना कमी कसा असेल? मला तुमच्या लिहिण्यात दोन चुका दिसतात. तुम्ही रोज परीक्षा देता, अभ्यास कधीच करत नाही. आणि तुम्ही दुसऱ्याच मुलखाच्या पंचांगावर पळताय.

परीक्षेचं आधी बोलू. ५७ मिनिटांत दहा म्हणजे किलोमीटरला साधारण पाच मिनिटं चाळीस सेकंद. हा तुमचा ऐपतीतला जवळजवळ सगळ्यात जोराचा वेग. तुम्ही लिहिलंय की रविवारी पंधरा करायला निघालात तरी "पहिले दहा नेहमीच्या टायमिंगने होतात, मग गडबड होते." गडबड दहानंतर होत नाही हो, ती पहिल्याच किलोमीटरला झालेली असते. पत्ता दहानंतर लागतो.

शरीर पळण्यासाठी दोन कोठारांतून माल काढतं, साखर आणि चरबी. साखरेचं कोठार लहान. स्नायू आणि यकृत मिळून साधारण चार-पाचशे ग्रॅम. चरबीचं कोठार सडपातळ माणसाचंही न संपणारं. जितकं जोरात पळाल तितका साखरेवर भार, सावकाश पळाल तितका चरबीवर. फुल मॅरेथॉनवाले ज्याला 'भिंत' म्हणतात ती बहुतेकांना तिसाव्या किलोमीटरनंतर भेटते, कारण तेव्हा साखर तळाला जाते. तुमची भिंत तेराव्यालाच उभी आहे. तिच्यात साखरेचा वाटा थोडा, घाईचा मोठा. स्नायूंना तेवढा वेळ तेवढ्या जोरात चालायची सवयच नाही आणि ती सवय जोर लावून लागत नाही.

म्हणून रविवारची धाव किलोमीटरला पावणेसात ते सव्वासात मिनिटांनी करा. हो, इतकी सावकाश. घड्याळाऐवजी आमच्या ग्रुपची कसोटी वापरा, तिला आम्ही भरीत-कसोटी म्हणतो. पळता पळता शेजारच्याला भरिताची कृती सांगायची. बामणोदची वांगी काट्याकुट्यांवर भाजण्यापासून, बडजीत (लाकडी भांड्यात) ठेचून, हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात घालून फोडणी बसेपर्यंत. अडखळत नाही तर वेग बरोबर. "मग... मिरची... टाकायची" असं होऊ लागलं की वेग कमी करा. ऐकायला गंमत वाटेल, पण दम आणि बोलणं यांचा संबंध पक्का आहे, आणि हजारो रुपयांच्या घड्याळापेक्षा ही कसोटी मला जास्त भरवशाची वाटते. केनियातले जगज्जेतेसुद्धा आठवड्यातली बहुतेक धाव त्यांच्या मानाने सावकाशच करतात.

यात अडचण पायांची नसते, मनाची असते. सावकाश पळताना फिरायला आलेले काका मागे टाकून जातात. ओळखीचे मोटारसायकलवरून हाक मारतात, "काय सर, दमले का?" पहिले दोन महिने मलाही ते फार लागायचं. अमळनेरजवळ मामांच्या गावी पळायला निघालो तेव्हा तर बांधावरच्या एका म्हाताऱ्याने विचारलं होतं, "कथा चालना भाऊ? मांगे कुत्रं लागनं का?" (कुठं चाललास भाऊ, मागे कुत्रं लागलं का?) कुत्रं मागे लागलं असतं तर इतका सावकाश पळालो असतो का, हे त्याला सांगायचं राहून गेलं.

सावकाशीचं आणखी एक कारण आहे आणि ते चाळिशीत जास्त महत्त्वाचं. हृदय आणि फुप्फुसं काही आठवड्यांत सुधारतात. हाडं आणि स्नायूबंध यांना महिनोन्‌महिने लागतात. म्हणजे दम पुरतो पण नडगी, टाच, गुडघ्याची बाहेरची बाजू ओरडायला लागते. आमच्याकडे येणाऱ्या नव्या लोकांपैकी पळणं सोडणारे दमामुळे सोडत नाहीत, दुखण्यामुळे सोडतात. आठवड्याचं अंतर दहा टक्क्यांहून जास्त वाढवू नये म्हणतात, तो नियम ढोबळ आहे, पण त्यामागची भीती खरी आहे. मी सांगतो ते असं: तीन आठवडे थोडं थोडं वाढवा, चौथ्या आठवड्यात मुद्दाम कमी करा. गुडघे झिजतात ही भीती मात्र सोडा. हौशी धावणाऱ्यांत गुडघ्याची झीज बैठ्या माणसांपेक्षा जास्त आढळत नाही, उलट कमीच आढळली आहे. आधीची दुखापत असेल तर गोष्ट वेगळी.

आठवड्यात चार दिवस पुरे. तीन दिवस पाच ते आठ किलोमीटर, त्यातल्या एका दिवशी हवा तेवढा जोर काढा, तुमची ५:४० ची हौस तिथं फेडा. चौथा दिवस रविवारचा, लांब आणि सावकाश. बारा, तेरा, पंधरा, मग खाली बारा, मग सोळा, अठरा असं चढत जा. हाफ म्हणजे २१.१ किलोमीटर, पण त्यासाठी सरावात अठरा सावकाश झाले तरी पुरेसे आहेत, उरलेले तीन त्या दिवशीची गर्दी पार करून देते.

आता पंचांगाचं. मोबाइलमधले बहुतेक प्लॅन थंड देशातल्या लोकांनी थंड देशासाठी लिहिलेले आहेत. बोस्टन आणि लंडनची मॅरेथॉन एप्रिलमध्ये असते. तिकडचा माणूस बर्फ वितळायला लागला की अंतर वाढवतो आणि एप्रिलमध्ये कळसाला पोहोचतो. आणि आपण? भुसावळला एप्रिलमध्ये पारा ४२-४३, मेमध्ये ४५ च्या घरात. म्हणजे प्लॅन ज्या आठवड्यात तुम्हाला सगळ्यात लांब पळायला सांगतो, त्याच आठवड्यात आपल्याकडे कुलरची खस बदलायची वेळ झालेली असते. प्लॅन अर्धवट सुटला तो तुमच्या आळसाने नाही.

आपलं वर्ष उलटं मोजायचं. त्यांचा बर्फ तो आपला मे. मार्चच्या शेवटी अंतर उतरवायला सुरुवात करायची, एप्रिल-मेमध्ये फक्त टिकवायचं, जून ते सप्टेंबर पाया घालायचा, दसरा-दिवाळीला लांब धावा, आणि डिसेंबर-जानेवारीत स्पर्धा. मुंबई मॅरेथॉन जानेवारीत असते, ती या वेळापत्रकात चपखल बसते. (तिकडे गेलात तर एवढं लक्षात ठेवा, इथल्या कोरड्या हवेतून गेलेल्याला मुंबईची दमट हवा जानेवारीतही चिकट वाटते आणि पेडर रोडचा चढ त्याहून वाईट.)

एप्रिल-मे पूर्ण बंद करू नका, नाहीतर जूनमधलं ते शून्य चुकणार नाही. पण काय करायचं ते नीट ऐका, कारण इथं मी स्वतः मार खाल्लाय.

सात वर्षांपूर्वीची गोष्ट. एप्रिलचा दुसरा आठवडा, रविवार. पाळधीपर्यंत जाऊन परत, २४ किलोमीटर. पहाटे पाचला निघायचं ठरलेलं, पण आदल्या रात्री लग्न होतं, उठायला उशीर झाला आणि हट्टाने पावणेसातला निघालो. जाताना झकास. येताना बांभोरीजवळ गिरणेच्या पुलापाशी आलो तेव्हा पावणेनऊ वाजले होते. नदीत पाणी नाही, नुसती तापलेली वाळू, आणि समोरून ट्रकचा झळांचा वारा. तेवढ्यात मला थंडी वाजली. अंगावर सरसरून काटा आला. मला वाटलं, वा, वारा सुटला. टी-शर्टला हात लावला तर कोरडा, पाठीवर मिठाच्या पांढऱ्या रेघा. घरी फोन करावा म्हणून मोबाइल काढला तर रोजचा चार आकड्यांचा पिन आठवेना.

पुलाच्या अलीकडे रसवंती होती. तिथल्या बाईंनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि म्हणाल्या, "बोलू नको रे भाऊ, बस आधी." मी रस मागितला, तो त्यांनी दिला नाही. बर्फाच्या लादीवरचं ओलं बारदान ओढून माझ्या मानेवर टाकलं आणि बादलीभर पाणी डोक्यावर ओतलं, मग आणखी एक. दहा मिनिटांनी मीठ घातलेलं लिंबूपाणी दिलं, घोट घोट. पिन आठवला तेव्हा मला रडू आलं. पुढे पुस्तकं वाचली तेव्हा कळलं की त्या बाईंनी केलं तेच बरोबर. उन्हाचा झटका बसलाय अशी शंका आली, माणूस भांबावल्यासारखा बोलू लागला, तर आधी अंग गार करायचं, लगेच, आहे त्या पाण्याने, आणि एकीकडे गाडी बोलवायची. शुद्ध नीट नसेल तर तोंडात काही घालायचं नाही.

आपली हवा कोरडी असते तिथेच फसगत होते. घाम आला तरी उडून जातो, दिसतच नाही, त्यामुळे किती पाणी गेलं त्याचा अंदाज येत नाही. यावर उपाय साधा: पळायच्या आधी आणि नंतर उघड्या अंगाने वजन करा. एक किलो उतरलं म्हणजे साधारण एक लिटर पाणी गेलं. माझे डिसेंबरमध्ये पाऊण तासाला तीनशे-साडेतीनशे ग्रॅम उतरतात, मेमध्ये पाऊण किलो. पण घाबरून नुसतं साधं पाणी ढोसत राहू नका, लांब धावेत त्याने रक्तातलं मीठ पातळ होतं आणि तेही जिवावर बेतू शकतं. तास-सव्वा तासापुढे मीठ असलेलं काहीतरी हवं. लिंबू-मीठ-साखर चालेल, ओआरएस पाकिटावर लिहिलंय तितक्याच पाण्यात चालेल. घरी आल्यावर मीठ-जिरं घातलेलं ताक.

तर उन्हाळ्यात पहाटे साडेपाचच्या आत सुरुवात, सव्वासहाला घरी. चाळीस-पंचेचाळीस मिनिटं, आठवड्यात तीनदा, वेग विसरून. उन्हाची सवय व्हायला शरीराला दहा ते चौदा दिवस लागतात, त्यामुळे पहिले दोन आठवडे आणखी हळू. जमलं तर एखाद्या रविवारी तापी ओलांडून यावल-रावेरकडे जा आणि केळीच्या बागांच्या कडेने पळा. ठिबकने ओली झालेली जमीन, डोक्यावर पानं. रस्त्यापेक्षा गार आहे हे अंगाला लगेच कळतं. मे महिन्यात पळण्यात काही सुख असेल तर ते तेवढंच.

पावसाळ्यात एकच सांगणं, काळ्या मातीत शिरू नका. शेतरस्ता मऊ असतो, गुडघ्यांना बरा, असं तुम्ही कुठंतरी वाचलं असेल. आपली माती ओली झाली की प्रत्येक बुटाला किलोभर चिखल चढतो आणि कोरडी झाली की भेगा पडतात, त्यात घोटा मुरगळतो. दसऱ्यानंतर गाड्यांनी दाबलेली शिवाराची वाट मात्र उत्तम. हायवेवर पळावंच लागलं तर उजव्या कडेने, समोरून येणारी वाहनं दिसतील असं. आणि अंगावर चमकणारी पट्टी. कुत्री अंगावर आली तर पळू नका, चाला. नाहीतर मामांच्या गावचा म्हातारा खरा ठरेल.

खाण्यापिण्याचं तुम्ही विचारलं नाहीत, पण पंधरा किलोमीटर "रिकाम्या पोटी, रात्रीही हलकंच" पळता असं लिहिलंत. आपण केळीच्या जिल्ह्यात राहतो आणि उपाशी पळतो याला काय म्हणावं! निघायच्या अर्धा-पाऊण तास आधी एक केळं. दीड तासाहून मोठी धाव असेल तर मध्ये दर तासाला तीस ते साठ ग्रॅम साखर-पिष्ट लागतं. एका मध्यम केळ्यात पंचवीसेक ग्रॅम असतं, गुळाच्या सुपारीएवढ्या खड्यात दहाच्या आसपास. पळताना खायच्या साखरेच्या जेलची पाकिटं चांगलीच असतात, पण सरावात न खाल्लेलं काहीही स्पर्धेच्या दिवशी खाऊ नका. आदल्या रात्री शेवभाजी नको, काळा मसाला तर मुळीच नको. का ते विचारू नका, अकराव्या किलोमीटरला तुरीचं शेत शोधावं लागलं होतं एवढंच सांगतो. कपड्यांचंही असंच. कापूस पिकवणाऱ्या मुलखात हे सांगायला जिवावर येतं, पण लांब धावेला सुती बनियन घालू नका. ते घाम धरून ठेवतं आणि काखा, मांड्या, छाती सोलून निघते. आणि दुखतंय म्हणून पेनकिलर घेऊन पळू नका. पाणी कमी झालेल्या शरीरात त्या गोळ्या किडनीला महाग पडतात.

राहिला वहिनींचा प्रश्न. मिळतं काय? खरं उत्तर हे की मेडल सोडता हातात काहीच मिळत नाही, आणि मेडलला आमच्या घरी आता पडद्याच्या दोरीचं काम आहे. तरी सोळा वर्षं का पळतोय? डिसेंबरमध्ये सकाळी सातच्या सुमारास मेहरूण तलावावर धुक्याची साय असते. पाणी दिसत नाही, पाणकावळे ऐकू येतात. आठ-नऊ किलोमीटर झालेले असतात, अंग गरम आणि कान गार. त्या वेळी डोक्यातली शाळा, हप्ते, भावाशी झालेला वाद सगळं चालूच असतं, पण त्याचा आवाज कमी होतो. बाराव्यानंतर कधीतरी अशी दहा मिनिटं येतात की पाय आपले आपण चालतात आणि आपण नुसते वर बसलेलो असतो. दर वेळी येत नाहीत. चारातल्या एका रविवारी. जोरात पळणाऱ्याला तर बहुतेक येतच नाहीत, कारण तो सगळा वेळ मनगटाकडे बघत असतो.

कंटाळाही आहे, तो लपवत नाही. सातवा ते दहावा किलोमीटर मला आजही कंटाळवाणे वाटतात. त्यासाठी माणसं हवीत. आमच्या ग्रुपमध्ये एक किराणा दुकानदार, दोन परिचारिका, एक एसटीचे निवृत्त कंडक्टर असे लोक आहेत. एरवी यांची माझी ओळख कधी झाली असती? बायकांपैकी बऱ्याच जणींनी चाळिशीनंतर सुरुवात केली. अंधारात एकटीने निघणं शक्य नाही म्हणून त्या चौघी मिळूनच येतात आणि त्यामुळे त्यांची एकही सकाळ चुकत नाही. चुकतो ते आम्ही. भुसावळला असे दोघे-तिघे शोधा. रेल्वेच्या मैदानांवर पहाटे कोणी ना कोणी असतंच.

घरच्यांची तक्रार मात्र हसण्यावारी नेऊ नका. लांब धाव दोन तासांची, पण नंतर झोपाळलेला, चिडका, दुपारपर्यंत निकामी नवरा ही खरी अडचण असते. आमच्याकडे तह झालाय: रविवारी साडेआठला घरात, नाश्ता मी करायचा, आणि दुपारी झोपायचं नाही. तह झाल्यापासून "मिळतं काय" हा प्रश्न आला नाही, पोहे मिळतात. सावकाश पळायला लागलात तर तुम्हीही दुपारी माणसांत असाल, हा त्या वेगाचा आणखी एक फायदा.

फुलचा विचार दोन वर्षं करू नका. ४२.१९५ हा आकडा कोणा वैद्याने काढलेला नाही. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये विंडसर राजवाड्यापासून स्टेडियममधल्या राजघराण्याच्या कक्षापर्यंत जेवढं अंतर भरलं तेवढं ते, १९२१ मध्ये तेच नियम म्हणून पक्कं झालं. एका राणीच्या खुर्चीसाठी आपण आपली टाच मोडून घ्यायची गरज नाही.

बुटांबद्दल: दुकानात संध्याकाळी जा, तेव्हा पाय किंचित सुजलेले असतात. अंगठ्यापुढे बोटभर जागा हवी. महागाचा असायची गरज नाही, पायाला लगेच बरा वाटला पाहिजे. पाचशे ते आठशे किलोमीटरनंतर बदला.

आणि ते नवीन घड्याळ, पहिले सहा आठवडे वहिनींकडे देऊन ठेवा. साडेआठ वाजले की नाही ते त्या बघतील.